अंगणातली मोटार आणि तारेतली वीज

पेण तालुक्यातील हमरापूर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणेशमूर्तींमुळे. दिवा-रोहा मार्गावर जिते स्थानक मागे पडले की हमरापूर येते आणि त्यानंतर पेण. या गावात, तसेच शेजारच्या जोहे, तांबडशेत या गावांत शिरले की घराघरांपुढे मांडव, मांडवात ओळीने वाळत ठेवलेल्या मूर्ती आणि रंगाचा फवारा मारणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर, असे दृश्य दिसते. येथून निघालेले गणपती मुंबईच्या चाळीत बसतात आणि समुद्रापलीकडेही जातात. अशा गावात विजेवर चालणाऱ्या मोटारीची चर्चा करणे काहींना चैनीचे वाटेल. वस्तुतः ती आता चैन राहिलेली नाही. पेण-पनवेलच्या रस्त्यावर हिरव्या पाटीच्या गाड्या नित्य दिसतात, आणि शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार अशा मंडळींच्या घरी ‘पुढची गाडी पेट्रोलची की विजेची’ हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो. तेव्हा या प्रश्नाचा विचार शहराच्या खिडकीतून न करता हमरापूरच्या ओसरीवर बसून करून पाहणे योग्य होईल.

प्रथम घरगुती हिशेब मांडू. हमरापुराहून पनवेलला नोकरीस जाणारा गृहस्थ जाऊन-येऊन दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर अंतर तोडतो. लहान वीज-मोटार प्रत्यक्ष रस्त्यावर एका युनिटला सात-आठ किलोमीटर चालते. म्हणजे त्याला रोज सुमारे नऊ युनिटे पुरतील. घरातल्या पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर ताशी तीन युनिटे भरता येतात. संध्याकाळी गाडी लावावी, रात्रीच्या जेवणापासून निजेपर्यंत काम भागावे, इतकी ही सोपी गोष्ट आहे. पेट्रोलच्या गाडीला याच अंतरासाठी रोज साडेतीनशे रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. विजेचा खर्च शंभराच्या जवळपास राहतो. गाडीची किंमत मात्र दोन-तीन लाखांनी अधिक. २०१९ च्या ऑगस्टपासून वीज-मोटारीवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आणला गेला, तरीही हे अंतर बुजलेले नाही. रोजच्या बचतीतून ते भरून निघण्यास साधारण पाच वर्षे लागतील. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते, तेव्हा हा व्यवहार आतबट्ट्याचा म्हणता येणार नाही. अर्थात, रेल्वेच्या मासिक पासापुढे हे दोन्ही हिशेब फिके आहेत; पण रोह्याच्या मार्गावर उपनगरासारख्या दर पाच-दहा मिनिटांनी गाड्या नाहीत, आणि मोटारीचा विचार सुरू होतो तो तेथेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईतील सदनिकाधारकाला वीज-मोटार घ्यायची झाली तर प्रथम तिच्यासाठी जागा हवी, मग सोसायटीच्या सभेची संमती हवी, मग तळमजल्यापर्यंत तार ओढावी लागते. हमरापूरच्या गृहस्थाचे तसे नाही. त्याचे अंगण त्याचे, भिंत त्याची आणि मीटरही त्याच्याच ओसरीवर. विजेची मोटार ही महानगरासाठी जन्मली असे आपण समजतो. किंबहुना ती स्वतःचे अंगण असलेल्या माणसासाठीच अधिक सोयीची आहे. ज्या गावाला आपण मागासलेले म्हणतो, त्याला या एका बाबतीत शहरापेक्षा उजवी बाजू लाभली आहे.

मग अडते कोठे? अडते ते भिंतीपलीकडे, खांबावरच्या तारेत. गावातील जुन्या घराचा मंजूर भार दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच यांच्या मापाने ठरलेला असतो. त्यात तीन किलोवॅटची मोटार येऊन बसली की तो अपुरा पडतो. अनेक घरांचे अर्थिंग नावापुरतेच असते. खाडीकाठच्या खारट जमिनीत पुरलेली सळई काही वर्षांत गंजून जाते, आणि अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या वीज घेण्यासच नकार देतात. हे झाले घरमालकाने करावयाचे काम. परंतु रोहित्राचे काय? गावकरी ज्याला ‘डीपी’ म्हणतात ते रोहित्र ६३ केव्हीएचे असेल आणि त्यावरील दहा घरांनी एकाच संध्याकाळी मोटारी लावल्या, तर त्याची निम्मी शक्ती त्यातच खर्च होईल. आणि गणपतीचा हंगाम आला की त्याच तारेवर मूर्तिशाळांचे कॉम्प्रेसर आणि रंग वाळविण्याचे पंखे चालू असतात. आषाढ-श्रावणात कोकणातील वीज कशी वागते हे कोणा कोकणवासीयाला सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा दिवसांत वीज-मोटार अंगणात नुसती उभी राहील, हा आक्षेप खोटा नाही. पेट्रोलपंपही विजेवाचून चालत नाही हे त्यावरील उत्तर आहे. पण ते अर्धेच उत्तर आहे. डबाभर पेट्रोल शेजारच्या तालुक्यातून आणता येते, वीज आणता येत नाही.

आणि ही रडकथा कोणत्या जिल्ह्याची आहे? ज्या जिल्ह्याने मुंबईला वीज दिली त्या जिल्ह्याची. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीला १९१५ साली सुरू झाले. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, कोकणात ते उतरवून वीज काढायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीचे खोरे बुडाले. त्या अन्यायाविरुद्ध सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन केलेला सत्याग्रह इतिहासात नोंदलेला आहे. मुंबईच्या हार्बर मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. ती सुखसोय शहराला मिळाली. तिच्या सभोवारच्या खेड्यांत कंदील जळत राहिले. पुढे बॉम्बे हायचे तेल व वायू याच जिल्ह्यातील उरणच्या किनाऱ्याला लागले. वीज येथून गेली आणि तेलवायूही येथूनच गेला. आता शंभर वर्षांनंतर या जिल्ह्यातील एका कारकुनाने आपल्या अंगणात मोटारीला वीज लावावी म्हटले, तर रोहित्र दम टाकते. हा योगायोग नव्हे. वाहिन्या कोणाच्या सोयीने टाकल्या गेल्या, याचा तो हिशेब आहे.

सरकारने काही केले नाही असे नाही. महाराष्ट्राने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन वेळा वीज-वाहनांची धोरणे आखली. शेवटच्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचा संकल्प आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे वीज-मोटारींना टोलमाफी आहे. या सवलतीचा लाभ कोणाला? जो द्रुतगती मार्गाने वारंवार पुण्यास जातो त्याला. हमरापूरचा माणूस वर्षातून किती वेळा समृद्धीवर जाणार? त्याचा रस्ता मुंबई-गोवा महामार्ग. त्या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ पासून कसे रखडत गेले, हे या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीच्या मणक्यांना ठाऊक आहे. टोलमाफीने शहरी श्रीमंताचा प्रवास आणखी स्वस्त होतो. ग्रामीण नोकरदाराच्या रोहित्रात त्याने एक केव्हीएचीही भर पडत नाही.

येथे मोटार घेणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. विजेची गाडी घेतली म्हणजे आपण धुरातून मुक्त झालो, अशी एक भोळी समजूत पसरली आहे. महाराष्ट्राची बहुतांश वीज अजून दगडी कोळशातून येते. रात्री आपण हमरापुरात प्लग लावतो, तेव्हा त्यासाठीचा कोळसा चंद्रपूर किंवा कोराडी येथे जळत असतो. पनवेलच्या नाक्यावरचा धूर कमी होतो, हा लाभ खराच. पण त्याचा काही भाग चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत जातो, हेही तितकेच खरे. उपाय नाही असे नाही. सूर्याची वीज दिवसा मिळते. तेव्हा गाडीही दिवसाच भरली पाहिजे. वीज नियामक आयोगानेही २०२५ पासून, नव्या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत दिली आहे. परंतु त्या वेळी कारकुनाची मोटार घरी नसते. ती असते पनवेलच्या कचेरीपुढे, पेणच्या शाळेच्या आवारात किंवा स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत. म्हणून महामार्गावर लाखो रुपयांची भव्य चार्जिंग केंद्रे उभारण्याआधी तहसील कचेऱ्या, शाळा, स्थानके व एसटीची आगारे येथे साधे, सुरक्षित, मीटर लावलेले प्लग बसवावेत. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीला घाईची वीज लागत नाही. शाळेच्या छपरावरील सौरपट्ट्यांनी शिक्षकांच्या गाड्या चालल्या, तर तो विद्यार्थ्यांनाही विज्ञानाचा एक जिवंत पाठ होईल.

दुसरी सूचना मोटारवाल्यांना रुचणार नाही. घरगुती वीजदर टप्प्यांनी चढतो. शंभर युनिटांच्या पुढील दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. महिन्याला शंभर युनिटे वापरणाऱ्या घरात मोटार आली की दोनशे युनिटांची भर पडते आणि ती सारी चढ्या दराने. म्हणून गाडीच्या युनिटांना टप्प्यांतून वगळावे, अशी मागणी पुढे येणे स्वाभाविक आहे. माझ्या मते ती करू नये. पहिल्या टप्प्यातील स्वस्त दर हा एका दिव्यावर संसार करणाऱ्याला समाजाने दिलेला आधार आहे. आठ लाखांची मोटार घेणाऱ्याने त्या आधारात वाटा मागणे शोभणारे नाही. चढ्या दरानेही त्याची वीज पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्शात पडते, हे वर पाहिलेच. त्याने मागावी ती सवलत नव्हे, तर भक्कम तार. कारण ती तार त्याच्या एकट्याची राहणार नाही. शेजारच्या मूर्तिकाराचा कॉम्प्रेसरही तिच्यावरच चालेल.

आणि प्राधान्याचा प्रश्न उरतोच. या टापूतील सामान्य माणूस स्वतःच्या मोटारीने फिरत नाही. तो मिनीडोरमधून, एसटीतून, रेल्वेतून फिरतो. मूर्ती जातात त्या टेम्पोतून. केंद्राच्या २०१९ च्या आणि २०२४ च्या योजनांनी खाजगी मोटारीला अनुदान दिले नाही, तीनचाकी व बसगाड्यांना दिले, हे धोरण उचितच होते. एसटीची पहिली वीज-बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर, म्हणजे ज्या मार्गावर १९४८ साली एसटी जन्मली त्याच मार्गावर, धावली. नंतर ५,१५० वीज-बसगाड्या भाड्याने घेण्याचा करार झाला. गाड्या मात्र ठरल्या वेगाने आल्या नाहीत. पेण आगारातून खेड्यांकडे सुटणारी एक वीज-बस रोज जितक्या माणसांना नेईल, तितक्यांना पन्नास मोटारी नेणार नाहीत.

विजेच्या चाकाने माणसाचे खरे कल्याण कोठे होते, हे पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तेथे माणसे माणसांना हातरिक्षात बसवून ओढत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. काही युनिटांच्या विजेने माणसाच्या खांद्यावरचे जू उतरावे, याहून त्या विजेचे सार्थक ते कोणते?

हमरापूरला पर्यावरणाचा विषय नवा नाही. २०२० पासून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील निर्बंधांच्या टांगत्या तलवारीखाली येथील कारागीर जगत आला. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली, नैसर्गिक जलाशयात विसर्जनास नाही. त्या निर्बंधांमागील हेतू योग्यच होता. पण निसर्गरक्षणाचा बोजा ज्या गावावर टाकायचा, त्याला त्या रक्षणाची साधनेही पोहोचवावी लागतात. शहराच्या पाण्यासाठी आपला धंदा बदला, असे ज्या कारागिराला सांगितले, त्याच्या मूर्ती नेणारा टेम्पो विजेवर चालावा, त्याच्या मुलाने शिक्षक होऊन विजेची मोटार घ्यावी आणि ती अंगणात निर्धास्तपणे भरावी, एवढी अपेक्षा त्याने ठेवली तर ती अवाजवी नाही. खोपोलीहून मुंबईला गेलेल्या विजेला आता एकशे दहा वर्षे उलटून गेली. त्यातील थोडी परतफेड म्हणून हमरापूरच्या खांबावर एक मोठे रोहित्र बसवावे, ही मागणी कोणालाही जड जाऊ नये.