नकाशावरचा हिरवा रंग कुणाच्या मालकीचा?

जंगल वाचवा, डोंगर वाचवा असं कुणी म्हणालं की आपली पोरं तोंड फिरवतात. पोट भरलेल्यांचे चोचले म्हणतात. वस्तीत संडासाला रांग, आणि यांना फुलाची काळजी! मला हे पटत नाही. डोंगर आपलाही आहे. आपलं भांडण डोंगराशी नाही, त्याचा नकाशा काढणाऱ्या हाताशी आहे.

मी त्र्यंबकेश्वरला जातो ते देवासाठी नाही. नारायण-नागबळीचा धंदा ज्यांचा त्यांना लखलाभ. मी जातो ब्रह्मगिरीसाठी. या डोंगरातून गोदावरी निघते आणि १४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. त्र्यंबकच्याच डोंगररांगेतून वैतरणा पश्चिमेला जाते. ती अडवून मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा ही धरणं बांधली. ते पाणी मुंबईला येतं. म्हणजे दोस्ता, मुंबईत तू नळाखाली ग्लास धरतोस त्यात या डोंगराचा वाटा आहे. आणि ब्रह्मगिरीच्या अंगावर वसलेल्या मेटांवरच्या आदिवासी बाया उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी रानोमाळ भटकतात. उगम ज्यांच्या दारात, घसा त्यांचाच कोरडा. आपल्याला हे नवं नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपण हेच विचारलं होतं: पाणी कुणाच्या बापाचं?

ब्रह्मगिरीच्या शेजारी अंजनेरी. सह्याद्रीची ही उंच पठारं म्हणजे बेटंच समजा. भोवती समुद्राऐवजी शेतं, रस्ते आणि प्लॉट. एका पठारावरचं रोपटं दुसऱ्यावर सहज पोचत नाही. म्हणून ते तिथंच वेगळं घडतं, आणि तिथं मेलं की जगातून जातं. अंजनेरीच्याच नावाचं एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. शास्त्रज्ञांनी ते २००६ साली जगापुढं आणलं. इथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. २०१७ साली अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. चांगलं झालं.

गिधाडाचं आणि आपलं नातं जुनं. गावाचं मेलेलं ढोर ओढायचं आपण, साफ करायचं त्यानं. बाबासाहेबांनी सांगितलं तेव्हा आपण ते काम झुगारलं आणि ताठ उभे राहिलो. गिधाड तिथंच राहिलं. ढोरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकनं त्याच्या किडन्या गेल्या, लाखोंनी मेलं. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. उरलेल्या गिधाडांची आता मोजणी होते. व्हायलाच पाहिजे. पण डोंगराच्या योजनेत गिधाडाला रकाना आहे, ढोर ओढणाऱ्याच्या नातवाला नाही.

एक पठार राखायचं आणि शेजारचं विकायचं, असं चालत नाही. पाणी, बी, पाखरू हद्द ओळखत नाही. म्हणून अख्ख्या सह्याद्रीची एकत्र योजना पाहिजे, हे शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे. माधव गाडगीळ समितीनं २०११ साली ते मांडलं. सगळा पश्चिम घाट, १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील माना. कुठं किती बंधन घालायचं ते ग्रामसभांना विचारून ठरवा. ग्रामसभांना विचारा म्हटल्यावर सगळ्यांना कापरं भरलं. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. तिनं उपग्रहाचे फोटो लावले, माणसांची वस्ती असलेला भूभाग वेगळा काढला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग हिरवा रंगवला. मग २०१४ ते २०२४ मध्ये अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला. आदल्या दिवशी वायनाडला दरडीखाली शेकडो माणसं गाडली गेली होती.

इकडं त्र्यंबकला काय चाललंय? गावातली गोदावरी सिमेंटच्या स्लॅबखाली दाबली. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याला डोंगर पोखरला गेला. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेची योजना आली, म्हणजे गिधाडांच्या कड्यावरून पाळणे. सिंहस्थाच्या तयारीत २०२५ साली नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा घाट घातला, तेव्हा लोक रस्त्यावर आले. भांडवलदाराचं मशीन डोंगरावर चढतं तेव्हा नकाशा झोपलेला असतो. आदिवासी बाईची शेळी चढली की तो खडबडून जागा होतो.

माणसं वगळून निसर्ग राखला की काय होतं, ते खऱ्याखुऱ्या बेटांवर बघा. हिंदी महासागरात चागोस बेटं आहेत. तिथली काळी माणसं म्हणजे नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या गुलामांची लेकरं. इंग्रज सरकारनं १९६८ ते १९७३ मध्ये त्यांना हाकललं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. २०१० साली त्याच इंग्रजांनी तिथला पोवळ्यांच्या खडकांचा समुद्र राखीव केला. विकिलीक्सनं फोडलेल्या कागदांत लंडनचा अधिकारी सांगतो, समुद्र राखीव झाला की या लोकांना परतणं अवघड. लष्करी तळाला मुभा, मूळ माणसाला बंदी! २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादानं ते राखीव क्षेत्र कायद्याविरुद्ध ठरवलं. आपल्या मालवणलाही १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमार विरोधात उभा राहिला. ज्याच्या होडीखाली पोवळं आहे त्याला न विचारता पोवळं राखता येत नाही.

आता आपल्यापुरतं बोलू. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींसोबत जंगलावर जगणाऱ्या इतरांनाही हक्क आहे. पण अट काय? तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा आणा. ज्याच्या आज्याला गावकुसाच्या आत घर नव्हतं, सातबारा नव्हता, शाळेचा दाखला नव्हता, त्यानं कागद आणायचा कुठून? पुरावा नाकारणारी व्यवस्थाच पुरावा मागते.

दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातले. १९३० ला काळारामाच्या दारात उभे राहिले, १९५९ आणि १९६४ ला जमिनीसाठी लोकांना तुरुंगात घेऊन गेले. देवळाच्या दारापासून जमिनीपर्यंत ती लढाई आली. पुढचा दरवाजा नकाशाचा आहे.

म्हणून सांगतो. मसुदा मराठीत पाहिजे, ग्रामसभेत आणि वस्तीत मोठ्यानं वाचला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. त्या समितीत आपली आणि आदिवासींची माणसं नावापुरती नकोत. बंदी आधी रोपवेवर आणि प्लॉटवर, मग शेळीचं बघू. पंचाहत्तर वर्षांची अट मोडा. आणि शहरातल्या दोस्तांनो, वैतरणेचं पाणी पिता तर मेटावरच्या बाईच्या हंड्याचा हिशेब मागायला तुम्हीच आलं पाहिजे. डोंगर राहिला पाहिजे. पण तो राखायचा अधिकार राबणाऱ्या हातात पाहिजे.