तळमळ हवीच!

आज रविवार. बाहेर भिवंडीची नेहमीची मागांची खडखड, आणि मी चर्चला गेलो तो... खरं सांगू? सवयीने. गेले काही महिने प्रार्थना म्हणजे उरकायचं एक काम झालंय.

अशा वेळी मला रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) आठवतात. त्यांच्या शाळेची पहिली काही वर्षं आपल्या शेजारच्या कल्याणातच गेली. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायको, लक्ष्मीबाई, काही वर्षं दुरावली. एवढी किंमत मोजल्यावर कुणीही म्हणेल, झालं, पोचलो एकदाचे! टिळक म्हणाले नाहीत. तुकोबांचा अभंग हाताशी धरून ते ख्रिस्ताला आळवत राहिले. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर २२ वर्षांनीही भूक शिल्लक होतीच!

लोक म्हणतात, ओढ काय, येते-जाते, नेम महत्त्वाचा. नेम हवाच हो. पण सर्व्हर चालू आहे म्हणजे त्यावर काही काम होतंय, असं थोडंच असतं? डोंगरावरच्या प्रवचनात येशूने धन्य म्हटलं ते नीतिमत्त्वाच्या भुकेल्या-तान्हेल्यांना, पोट भरलेल्यांना नाही.

मला तरी वाटतं, ओढ आटल्याची खंत वाटणं हीसुद्धा ओढच. ती खंतही गेली, तर मात्र कठीण आहे.

असो. आज बाकावर बसून मी एवढंच मागितलं: देवा, भूक लागू दे.