चबुतऱ्यावरून रुळावर

नेरळला उतरून माथेरानच्या गाडीकडे वळणारी मंडळी तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनापाशी थांबतात, पोरांना पुढ्यात उभं करून फोटो काढतात आणि चालू लागतात. फोटो जरूर काढा. पण हे इंजिन ओढायला घडवलं होतं, आणि ते पुन्हा ओढू लागावं, एवढीच आमची मागणी आहे.

पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली ही दोन फुटी लाइन सुरू केली, तेव्हा बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची अशी चार इंजिनं आणली. घाट अवघड. चढ विसास एक, वळणं अगदी आखूड. सहाही चाकं एकत्र जखडली तर इंजिन वळणावर अडणार, कमी चाकांना जोर दिला तर चढावर घसरणार. त्यावरची तोड बघण्यासारखी आहे. पुढचा आणि मागचा आस दुहेरी: आत भरीव दांडा, त्याभोवती पोकळ नळी, चाकं नळीवर बसवलेली आणि मधोमध गोळ्याचा सांधा. वळण आलं की नळी चाकांसकट तिरकी होते, आतला दांडा सरळच फिरतो, आणि जोर सहाही चाकांना मिळत राहतो. उभ्या इंजिनात हे कोणाला दिसणार?

‘हे आता कोण करणार?’ असं विचारणाऱ्यांनी जरा बाहेर बघावं. याच कंपनीचं पतियाळाच्या मोनोरेलचं इंजिन १९२७ नंतर भंगारात पडून होतं. ते अमृतसरच्या रेल्वे कारखान्याने चालू केलं. १८५५ ची ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावली. नीलगिरीसाठी तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने वाफेची नवी कोरी इंजिनं बांधली! तिकडे नवं बांधता येतं, मग इकडे जुनं दुरुस्त का होऊ नये?

खरं काम बॉयलरचं. बाहेरून रंग मारला की इंजिन देखणं दिसतं, गंज मात्र आतून पत्रा खातो. म्हणून आधी पत्र्याची जाडी मोजायची, नळ्या बदलायच्या, मग पाण्याच्या दाबाखाली चाचणी. वाफेचं नाव त्यानंतर. खर्च मोठा आहे, हे लपवत नाही. पण रोज माथेरान गाठायला डिझेल आहेच. आम्हाला सुटीच्या दिवशी नेरळ ते जुम्मापट्टी एवढी एक फेरी पुरे.

तेव्हा पहिलं पाऊल म्हणून बॉयलरची तपासणी तरी करा, असं पत्र मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या व्यवस्थापकांना लिहा. नेरळ ग्रामपंचायतीत आणि माथेरान नगरपरिषदेत तसे ठराव मांडायला लावा. आणि ज्यांच्या घरात या लाइनवरचे जुने फिटर, ड्रायव्हर, फायरमन आहेत, त्यांनी तर थांबूच नये. त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा. माळ्यावर एखादं ड्रॉइंग, एखादी डायरी सापडली तर रद्दीत घालू नका. कारखान्यातल्या मिस्त्रीला ती लागणार आहे.