बाळंतिणीच्या खोलींतील उजेड

भंडारा जिल्ह्यास सूर्यप्रकाशाची वाण नाहीं. लंडनला ऐन हिवाळ्यांत दिवस आठ तासांहूनही लहान होतो. आमच्याकडे सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांहून मोठा असतो. आषाढांत धानाची रोवणी करणाऱ्या बाईच्या कष्टांचा हेवा कोणी करणार नाहीं. पण उजेड तरी तिला भरपूर मिळतो. आपल्या पांढरपेशा घरांतील बाळंतीण मात्र, वारा बाधेल म्हणून, अजूनही कित्येक ठिकाणीं दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत दिवस काढते. ती खिन्न दिसली, विनाकारण रडली, तर वडील माणसें तिला नाजूक ठरवून मोकळीं होतात.

डोळा केवळ पाहण्यासाठींच, ही समजूत अपुरी आहे. नेत्रपटलांतील कांहीं थोड्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात, असें २००२ सालीं सिद्ध झालें. उजेड किती आहे, याची वर्दी त्या मेंदूंतील घड्याळास देतात व त्यावर झोप-जागेचा क्रम बसतो. मेंदूंत ‘हॅबेन्युला’ नांवाचा एक चिमुकला भाग आहे. नैराश्यांत तो फाजील चेततो. डोळ्याकडून निघालेला एक मार्ग प्रकाशाच्या योगानें या भागास शांत करितो, असें २०१९ सालीं चिनी संशोधकांस उंदरांमध्यें आढळलें. उंदरांवरून माणसांचा निर्णय करूं नये, हें खरें. परंतु हिवाळ्यांतील औदासीन्यावर प्रखर प्रकाशाचा उपाय माणसांवरच होऊं लागला, त्यास १९८४ पासून तीन तपांहून अधिक काळ लोटला. त्यासाठीं दहा हजार लक्सचा दिवा सकाळीं अर्धा तास वापरतात. घरांतील दिव्याखालीं बहुधा कांहीं शें लक्सच मिळतात; श्रावणांतील ढगाळ आकाशाखालींही हजारों मिळतात.

म्हणून आम्ही एवढेंच सुचवितों कीं, बाळंतिणीस सकाळीं अर्धा तास ओसरीवर बसूं द्यावें. अंगावर शाल असावी, पण खिडकी उघडी असावी. सूर्याकडे टक लावून पाहूं नये, आणि रात्रीं मोबाइलचा झगझगाट टाळावा.

मात्र उजेड हें औषधाचें साह्य आहे, औषधाची जागा तो घेत नाहीं. खिन्नता दोन आठवडे टिकली, अथवा जिवाचें बरें-वाईट करण्याचे विचार तिच्या तोंडीं आले, तर क्षणाचाही विलंब न लावितां डॉक्टरांकडे न्यावें. १४४१६ हा शासनाचा दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य आहे. सुनेच्या डोळ्यांतील पाणी हा स्वभावदोष नव्हे, एवढें सासूबाईंनीं ओळखलें, तरी अर्धें काम झालें.