‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ : पण कोणत्या भाषेतले?

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. ‘महाराष्ट्र सदन’ हे दोन शब्द संगणकात साठवायचे झाल्यास किती जागा लागेल? संगणकाच्या प्राथमिक वर्गात पाठ करून घेतली जाणारी व्याख्या सांगते, एक बाइट म्हणजे एक अक्षर. मराठी वाचक मोजेल : म, हा, रा, ष्ट्र, स, द, न. सात अक्षरे, मधली मोकळी जागा धरून आठ. प्रत्यक्षात आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना ४० बाइट लागतात. हेच नाव रोमन लिपीत लिहिले तर १७.

व्याख्या आणि वस्तुस्थिती यांत पाचपट अंतर असेल, तर ती व्याख्या या विद्यार्थ्यांसाठी नव्हतीच, असे म्हणणे भाग आहे.

मुळापासून पाहू. याच मार्गावर ब्रिटिश कौन्सिलची, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचे वडाच्या विस्ताराचे भव्य चित्र आहे, पांढरा मकराना संगमरवर आणि काळा कडप्पा एवढ्या दोनच दगडांतले. संगणकाची साठवणही अशीच दोन रंगांची. प्रत्येक ठिकाणी शून्य किंवा एक, तिसरे काही नाही. अशा एका ठिकाणाला बिट म्हणतात. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द आला. तो सुचवल्याचे श्रेय त्यांनी जॉन ट्युकी यांना दिले. एकटा बिट फारसे काही सांगू शकत नाही, म्हणून बिटांचे गट करतात. त्या गटाला ‘बाइट’ हे नाव आयबीएममधील वर्नर बुखोल्झ यांनी १९५६ साली दिले. आरंभी हा गट किती बिटांचा असावा हे ठरलेले नव्हते. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० नंतर आठ ही संख्या स्थिरावत गेली.

आठ बिटांच्या शून्य-एकच्या मांडण्या होतात २५६. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून त्याच्या निम्म्यातही बसतात. म्हणूनच तिथे एक बाइट आणि एक अक्षर यांची जोडी जमली. तो त्या लिपीच्या आटोपशीरपणातून घडलेला योगायोग होता; आपल्याकडे तो नियम म्हणून शिकवला गेला.

देवनागरीसाठी भारतानेही एका बाइटची व्यवस्था केली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्यात ‘कस्तुरबा गांधी मार्ग’ बरोबर २० बाइटांत बसतो, रोमन लिपीतही २०. यूटीएफ-८ मध्ये त्यालाच ५६ लागतात. मग इस्की सोडले का? कारण त्यात बहुतेक भारतीय लिपींना तेच सांकेतिक क्रमांक वाटून दिलेले होते. कोणती लिपी आहे हे वेगळे सांगितल्याशिवाय मजकूर उलगडत नसे. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतःचे घर दिले. यूटीएफ-८ मध्ये २०४७ क्रमांकापर्यंतची चिन्हे दोन बाइटांत मावतात; ग्रीक, रशियन, अरबी त्यात येतात. देवनागरीचे घर २३०४ पासून सुरू होते. थोडक्यात हुकले, आणि प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागले.

शिवाय ‘चिन्ह’ म्हणजे मराठी माणसाचे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, व्यंजनाचा पाय मोडणारी खूण, सारे स्वतंत्र मोजले जाते. एकटा ‘ष्ट्र’ पाच चिन्हांचा, म्हणून १५ बाइटांचा.

याला भाषिक अन्याय म्हणण्याची घाई करू नये. मोबाइलमधल्या एका छायाचित्राच्या जागेत आजही अख्खी मराठी कादंबरी मावते. जागेची टंचाई हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो बाइट आणि अक्षर एकच मानून व्यवस्था आखणाऱ्यांचा. एखाद्या अर्जात नावासाठी २० बाइट राखून ठेवले आणि वर ‘२० अक्षरे’ असे लिहिले, तर ‘ज्ञानेश्वर’ त्यात मावत नाही. त्याला ३० बाइट हवेत. विसाव्या बाइटवर कात्री लागली की ‘ज्ञाने’ उरते, आणि पुढे ‘श’चा तुटका तुकडा प्रश्नचिन्ह किंवा चौकोन होऊन दिसतो. आईवडिलांनी ठेवलेले नाव असे अर्ध्यावर तुटते, आणि दोष मात्र मराठीत अर्ज भरणाऱ्याला दिला जातो. मोबाइलच्या लघुसंदेशाचेही तसेच. त्याची मर्यादा १४० बाइटांची. इंग्रजीत एकेक अक्षर सात बिटांत बसवून त्यात १६० अक्षरे मावतात. मराठीत सर्वसाधारणपणे प्रत्येक चिन्हाला दोन बाइट जातात, म्हणून ७० चिन्हे. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत पाठवलेली सूचना त्यामुळे अधिक तुकड्यांत जाते आणि पाठवणाऱ्याचा खर्च वाढतो. हा खर्च टाळण्यासाठी सूचना इंग्रजीत पाठवणे, हा उपाय नव्हे.

‘बाइट’ला संस्कृतप्रचुर प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप इथे कामाचा नाही, शब्द रुळलेला आहे, चुकते ते उदाहरण. वर्गात ‘ए’ऐवजी ‘ष्ट्र’ फळ्यावर लिहावा. विद्यार्थ्याने स्वतःचे नाव साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देवनागरीत लिहून यूटीएफ-८ मध्ये जतन करावे, चिन्हे मोजून तीनने गुणावी (मोकळ्या जागेचा एकच बाइट धरावा) आणि मग फाइलचा आकार तपासावा. काही जुने प्रोग्राम सुरुवातीला तीन बाइटांची खूण आपणहून घालतात. तेवढे वजा करावे.