टाकीतलं शेवाळ औषधानं जात नाही

सिल्वासात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे आपण मोजकेच. एकाच्या टाकीत हिरवं केसाळ शेवाळ माजलं की दुसऱ्याचा फोन वाजतो आणि प्रश्न ठरलेला असतो : कुठलं औषध टाकू? मंडळी, कुठलंच टाकू नका. मी टाकून बसलोय. चार दिवसांत दगड लख्ख झाले, मेलेलं शेवाळ तळाशी कुजलं आणि महिनाभरात पुन्हा उगवलं, आधीपेक्षा दाट.

त्याला पोसतो आपणच. गोठवलेली कोळंबी वितळताना सुटणारं गढूळ पाणी, माशांची विष्ठा, तळाशी राहिलेले दाणे, या सगळ्यातून शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं. तेव्हा कोळंबी चहाच्या गाळणीत धुऊन घ्या आणि मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढीच घाला. पन्नास लिटरच्या टाकीत नायट्रेट ४० असेल, तर दहा लिटर पाणी बदलून ते ३२ वर येतं, बस. वरून खाद्य तेवढंच राहिलं तर आठवड्यात पुन्हा चाळिशी गाठतं.

पाण्याचंही बघा. स्वयंपाकघरातल्या आरओला बहुधा एक स्क्रू असतो. चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. तो बंद करा आणि पुढे डीआयची नळी जोडा. टीडीएस शून्याच्या आसपास आला पाहिजे. उन्हाळ्यात पंखा लावला की पाणी भराभर उडतं, पण मीठ टाकीतच राहतं. ती घट याच गोड पाण्यानं भरा, खाऱ्या नव्हे. दमणचा समुद्र जवळ आहे म्हणून तिथून कॅन भरून आणायचा मोह होतो. दमणगंगा वापीच्या कारखान्यांवरून तिथे पोचते, आणि तो किनारा मुळातच गढूळ आहे.

उत्साहाच्या भरात नायट्रेट, फॉस्फेट शून्यावरही नेऊ नका. प्रवाळाच्या अंगात राहणारं, त्याला अन्न पुरवणारं शेवाळसुद्धा शेवाळच. तेही उपाशी पडतं. शिवाय अशा रिकाम्या पाण्यात बुडबुडे धरणारा तपकिरी चिकटा पसरतो, तो केसाळ शेवाळापेक्षा चिवट. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास, एवढं पुरे. दिवा आठ तास. बाकीचं शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढा. हा कंटाळवाणा उपायच सगळ्यात खात्रीचा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. मालवणहून कुणी 'जिवंत दगड' आणून देतो म्हणाला तर हात जोडा. तो दगड म्हणजे बहुधा प्रवाळाचाच तुकडा. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. बिल आणि आयातीचे कागद नसतील तर तो तुकडा घेऊच नका.

आणि आज रात्री चिमूटभर खाद्य टाकताना त्यातलं निम्मं परत डब्यात ठेवा. धडधाकट मासे एका दिवसाच्या उपासानं मरत नाहीत.