नोटिशीतील मौन

सन 2022 मध्ये प्रथम सावली तालुक्यातील मोक्सी येथे आणि त्याच वर्षी पुढे बडोदे शहरालगतच्या सिंधरोट येथे गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने मेफेड्रोनचे कारखाने उघडकीस आणले, तेव्हापासून रावपुऱ्यात काय किंवा दांडियाबाजारात काय, चार माणसे जमली की या व्यापाराला कोणती शिक्षा पुरेशी, याचीच चर्चा रंगते. परंतु शिक्षा झाल्यावर अपराध्याच्या मिळकतीचे, आणि त्या मिळकतीत नांदणाऱ्या बायकामुलांचे, पुढे काय होते हे सहसा कोणी विचारीत नाही.

अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यात 1989 साली जे पाच-अ प्रकरण घातले गेले, त्याचा साचा 1976 च्या तस्करविरोधी कायद्याचा आहे. दहा वर्षे वा त्याहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात जो दोषी ठरला, त्याचीच नव्हे तर त्याच्या आप्तांची आणि साथीदारांचीही मिळकत सरकारजमा होऊ शकते. तपास अधिकाऱ्याने मिळकत गोठविली, तर तीस दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने तो हुकूम कायम करावा लागतो, नाहीतर तो निष्फळ होतो. पण त्यानंतर जी नोटीस येते, तिला तीस दिवसांत उत्तर देऊन मिळकत सचोटीची आहे हे शाबीत करण्याचे ओझे मात्र ज्याच्यावर नोटीस बजावली त्याच्याच शिरावर असते.

मुंबईच्या मर्चंट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली असे ठरविले होते, की मिळकत आणि गुन्ह्याची कमाई यांचा काही धागा नोटिशीतच दाखविला पाहिजे. ही ढाल 2014 च्या दुरुस्तीने बोथट केली: पुरावा नमूद नाही किंवा थेट संबंध दाखविला नाही, एवढ्याच कारणाने नोटीस आता रद्दबातल ठरत नाही. माझ्या मते संसदेचे येथे चुकले. ज्याला उत्तर द्यायचे त्याला प्रश्नच न सांगणे, आणि वर तीस दिवसांची मुदत घालणे, ही पद्धत, अपराध कितीही घोर असो, न्यायाच्या कचेरीला शोभत नाही. तथापि प्राधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणे लेखी नोंदविली पाहिजेत, ही अट कलम 68-एच मध्ये अद्याप शाबूत आहे. तेव्हा बचाव करणाऱ्याने सर्वप्रथम त्या कारणांची नक्कल मागावी, आणि ती नोटीस निघण्यापूर्वी लिहिली की मागाहून, हे बारकाईने पाहावे.

बाकी लढाई वक्तृत्वाची नसून दप्तराची आहे. पत्नीच्या नावचे घर तिच्या वडिलांनी दिलेल्या पैशातून घेतले असेल, तर नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही. वडिलांनी विकलेल्या शेताचा सातबारा, खरेदीखत, आणि ती रक्कम ज्या दिवशी जमा झाली ते पासबुकाचे पान, असा अखंड माग दाखवावा लागतो. अटकेच्या तारखेपूर्वी सहा वर्षांच्याही आधी घेतलेल्या मिळकतीला कायद्यानेच अभय दिले आहे, म्हणून दस्तावरील तारीख पुष्कळदा साऱ्या युक्तिवादांहून भारी ठरते. मिळकतीच्या काही अंशाचाच हिशेब लागत नसेल, तर तेवढ्या अंशाच्या बाजारभावाइतका दंड भरून घर राखण्याची मुभा आहे. ही तरतूद वकिलांच्याही ध्यानी क्वचितच असते.

हुकूम विरुद्ध गेला, तर अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस मिळतात, सबळ कारण दाखविल्यास साठ. त्यापुढे मात्र न्यायाधिकरणालाही ती मुदत वाढविता येत नाही.

— मुखत्यार